आंतरिक सौंदर्य ही कुरूपतेची भरपाई नव्हे

मालवण तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची धाकटी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिचा आवाज गोड आहे आणि गेली तीन वर्षे ती चर्चच्या गायनवृंदात गाते. मे महिन्यात एका नात्यातल्या लग्नात, भरल्या मांडवात, एका वडीलधाऱ्या बाईने तिला पाहून "किती गो काळी झालंस!" असे म्हटले आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या गोऱ्या थोरल्या बहिणीकडे पाहून हसली. तेव्हापासून मुलगी फिल्टर लावल्याशिवाय फोटो काढू देत नाही. मैत्रिणीने सांगितलेले एक मलम ती रोज रात्री चेहऱ्याला लावते आणि येत्या ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या फेस्ताला (सणाला), वेदीजवळ गायला उभी राहणार नाही म्हणते. आईने धर्मशिक्षणाच्या बाईंना सांगितले. त्यांनी मुलीला जवळ बसवून प्रेमाने समजावले की देव बाहेरचे रूप पाहत नाही, तो अंतःकरण पाहतो, आणि तुझे अंतःकरण फार सुंदर आहे. मुलगी घरी येऊन रडली आणि म्हणाली, "म्हणजे बाहेरून मी कुरूपच ना?" ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीला हे वचन दिलासा का देत नाही आणि आम्ही तिला नेमके काय सांगावे, असे आईचे विचारणे आहे.

मी सिंधुदुर्गात तेवीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यानंतर किशोरवयीन मुलींच्या समुपदेशनाकडे वळले, आणि या सर्व काळात रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही घेत आले. त्यामुळे उत्तर देताना माझ्यातील परिचारिका आधी बोलेल, कारण मलमाचा प्रश्न फेस्तापर्यंत थांबण्यासारखा नाही.

गोरेपणासाठी औषधांच्या दुकानातून किंवा बाजारातून चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या अनेक मलमांमध्ये स्टेरॉइड असते, आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन हे त्वचेचा रंग फिका करणारे रसायनही असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा दिसतो, म्हणूनच मुली ते सोडत नाहीत. पुढे त्वचा पातळ होते, गाल लाल राहू लागतात, बारीक लव वाढते, पुटकुळ्या येतात, आणि मलम एकाएकी थांबवले की चेहऱ्याची आग होते. मग घाबरलेली मुलगी पुन्हा तेच मलम लावते. ज्या डबीवर घटकांची यादीच नसते तिच्यात पारा असण्याची शक्यता असते, आणि पाऱ्यामुळे मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून ती ट्यूब किंवा डबी रागाने फेकून देऊ नका. ती सोबत घेऊन मुलीला या आठवड्यातच त्वचाविकारतज्ज्ञांकडे न्या, मग ते ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात असोत, गोव्यात बांबोळीला असोत किंवा तुमच्या गावाजवळचे खासगी डॉक्टर असोत. मलम कसे थांबवायचे ते त्यांनाच ठरवू द्या. आणि जाताना वाटेत उपदेश करू नका. मलम लावणे हे पाप नव्हे. भर मांडवात झालेल्या अपमानावर तिला सापडलेला तो एकमेव उपाय होता.

आता वचनाकडे वळते. बाईंनी सांगितलेले वचन शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील सातव्या ओवीचे आहे. ते कोणाला उद्देशून बोलले गेले, हे आपण बहुधा विसरतो. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजाचा अभिषेक करण्यासाठी गेला आहे. थोरला मुलगा अलियाब समोर येताच त्याची उंची आणि रूप पाहून शमुवेलाला वाटते की हाच तो. तेव्हा परमेश्वर शमुवेलाला सांगतो की याच्या रूपाकडे किंवा उंचीकडे पाहू नको, माणूस बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो. म्हणजे हे वचन एखाद्या दुःखी, सावळ्या, बुटक्या किंवा नावडत्या मुलाला सांत्वन म्हणून सांगितलेले नाही. ते पारख करायला बसलेल्या, पाहणाऱ्या माणसाला सांगितलेले आहे आणि त्याची नजर सुधारण्यासाठी सांगितलेले आहे. इतकेच नव्हे, तर त्याच अध्यायात पाच ओव्या पुढे, रानातून बोलावून आणलेल्या दावीदाचे डोळे सुंदर होते आणि तो दिसायला देखणा होता, असे पवित्र शास्त्र मोकळेपणाने नोंदवते. अंतःकरण पाहणाऱ्या देवाला चेहऱ्याचे वावडे आहे, असा अर्थ त्या गोष्टीतून निघतच नाही.

मग तुमच्या मुलीचे काय चुकले? मला विचाराल तर काहीच चुकले नाही. तिने अचूक ऐकले. तिच्या रंगाबद्दल मांडवात एक निकाल दिला गेला होता, आणि बाईंनी तो निकाल रद्द न करता त्यावर भरपाई देऊ केली. "तुझे मन सुंदर आहे" हे वाक्य गोऱ्या मुलीला आपण सहसा ऐकवत नाही, ते सावळ्या मुलीसाठी राखून ठेवतो, आणि मुलींना हे फार लवकर कळते. बाईंचा हेतू निर्मळ होता, याबद्दल मला शंका नाही, कारण मी स्वतः अनेक वर्षे हेच वाक्य बोलत आले. पण वचनाचा पत्ता चुकला. ते मुलीच्या हाती देण्याऐवजी मांडवात हसलेल्या त्या बाईच्या, आणि क्षमा करा, आपल्या साऱ्या घराच्या हाती द्यायला हवे होते.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, त्यामागे माझे स्वतःचे बालपणही आहे. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या देखाव्यात मी सलग चार वर्षे मेंढपाळ झाले. मला मरियेचे सगळे संवाद पाठ होते. पाचव्या वर्षी मी धीर करून विचारले, तेव्हा एका कार्यकर्त्या बाईंनी सहजपणे सांगितले की मरिया उजळ दिसायला हवी. गालिलातील नासरेथ नावाच्या खेड्यातली, विहिरीवरून पाणी आणणारी, यहूदी घरातली ती मुलगी आपल्या चित्रांतल्यासारखी दुधासारखी गोरी असण्याचे काहीच कारण नाही. तो गोरा चेहरा युरोपातल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी आपापल्या आयाबहिणींकडे पाहून घडवला, आणि पोर्तुगीज काळापासून तोच आपल्या किनाऱ्यावर रूढ झाला. शुभवर्तमानांत मरियेच्या रूपाबद्दल एक अक्षरही नाही. तिच्या स्तोत्रात, लूकच्या पहिल्या अध्यायात, ती एवढेच म्हणते की देवाने आपल्या दासीच्या दीनावस्थेकडे पाहिले. मरियेच्याच एका रूपाचा, ग्वादालुपेच्या मातेचा, जिच्या दर्शनाची परंपरा मेक्सिकोत १५३१ पासून चालत आली आहे, चेहरा सावळा आहे, आणि तिथले लोक तिला लाडाने 'सावळी' म्हणूनच हाक मारतात. त्या मातेचे एक चित्र तुमच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ लावता आले तर जरूर लावा, पण त्याबद्दल प्रवचन देऊ नका. ते तिथे असू द्या, एवढे पुरे.

मुलीला सांगण्यासारखी पहिली गोष्ट अंतरंगाची नसून शरीराची आहे, हे मला अनुभवाने पटले आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपण केलेले सर्व काही पाहतो आणि ते फार चांगले आहे, असे म्हणतो. तिथे हिब्रूत 'तोव' हा शब्द आहे, आणि पुढे त्याच पुस्तकात रिबका दिसायला सुंदर होती, हे सांगताना त्याच शब्दाचे रूप वापरले आहे. चांगले आणि सुंदर यांच्यात त्या भाषेने भिंत घातलेली नाही. एकशे एकोणचाळीसाव्या स्तोत्रात कवी म्हणतो की आईच्या उदरात तू मला विणलेस, आणि दोन ओव्या पुढे जो हिब्रू शब्द येतो तो रंगीत धाग्यांनी केलेल्या भरतकामासाठी वापरला जातो. भरतकाम करणारा माणूस धाग्याचा रंग निवडून घेतो. तो रंग त्याच्या हातून चुकून पडलेला नसतो. तुमच्या मुलीच्या कातडीतले मेलॅनिन, ज्यामुळे ती सावळी आहे, ते ऊन सोसणाऱ्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना मिळालेले संरक्षण आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ते त्वचेच्या पेशींना जपते. हे विज्ञान आणि ते स्तोत्र यांच्यात मला कधी विरोध दिसला नाही.

या विषयावर पवित्र शास्त्रातला सर्वांत जवळचा उतारा कोणता, असे मला विचारले तर मी बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्याचा पहिला अध्याय उघडेन, जो आपल्या वर्गांत जवळजवळ कधीच वाचला जात नाही. तिथे एक तरुणी यरुशलेमेच्या मुलींना सांगते की मी काळी आहे, सुंदर आहे, माझ्याकडे अशा टक लावून पाहू नका, उन्हाने मला रापवले आहे, माझ्या भावांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावले. कोकणातल्या मुलीला ही ओवी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बिया वेचताना, कलमांच्या बागेत आंबे उतरवताना, अंगणात कोकमाची सोले आणि किनाऱ्यावर सुकी मासळी वाळत घालताना ती अशीच रापलेली असते. आणि जून-जुलैमध्ये तीच लावणीच्या चिखलात असते. घरच्या कामाने आलेला रंग आणि त्या रंगावर रोखलेल्या लोकांच्या नजरा, हे दोन्ही त्या छोट्याशा काव्यात आले आहे. त्या ओवीच्या भाषांतराचाही एक इतिहास आहे. मूळ हिब्रूत दोन विशेषणांमध्ये जे अव्यय आहे त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो, 'पण' असाही होतो. जुन्या ग्रीक भाषांतराने 'काळी आणि सुंदर' असे केले, लॅटिन भाषांतराने 'काळी पण सुंदर' असे केले, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो 'पण' शतकानुशतके टिकला. माझ्या मते त्या तरुणीच्या बोलण्याचा सूर 'आणि'चा आहे. ती क्षमा मागत नाही. रोखून पाहणाऱ्यांना ती थांबवते आहे. तुमच्या मुलीबरोबर एका संध्याकाळी ही ओवी वाचा, आणि 'पण' हवे की 'आणि', हे तिलाच ठरवू द्या. माझ्या वर्गात या एका अव्ययावर मुलींनी अर्धा तास वाद घातला होता, आणि तेवढा वेळ कोणीही खाली मान घालून बसली नव्हती.

आता ज्या उताऱ्यावरून 'आंतरिक सौंदर्य' हा शब्दप्रयोग प्रचारात आला, त्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाकडे यावे लागेल, कारण मुलींना बोलण्यासाठी हाच उतारा सर्वांत जास्त वापरला जातो. पेत्र लिहितो की तुमची शोभा केस गुंफणे, सोने घालणे आणि वस्त्रे नेसणे अशी बाहेरची नसावी, तर अंतःकरणातील गुप्त मनुष्यत्वाची, सौम्य व शांत आत्म्याच्या अविनाशी अलंकाराची असावी. या वाक्याचा अर्थ वेणी आणि दागिने यांची बंदी असा घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्याच यादीत वस्त्रे नेसणेही आहे, आणि पेत्राने बायकांना वस्त्रे टाकायला सांगितले, असे कोणीही म्हणणार नाही. मुद्दा बंदीचा नाही, भाव कशाला द्यायचा याचा आहे. हे पत्र आशिया मायनरमधल्या, पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा प्रांतांत विखुरलेल्या लहान मंडळ्यांना लिहिले गेले. त्या काळच्या रोमन जगात श्रीमंत घरच्या स्त्रियांचे केस दासींकडून तासन्‌तास गुंफले जात, त्यांत सोने माळले जाई, आणि त्यावरून बाईची पायरी ठरे. ज्यांच्याकडे दासी नव्हत्या, किंवा ज्या स्वतःच दासी होत्या, त्यांनाही पेत्र सांगतो की तुमचा मोल त्या पायरीवर ठरत नाही.

या उताऱ्यात सुंदर विरुद्ध कुरूप अशी जोडी कुठेच नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जोडी आहे ती नाश पावणारे आणि नाश न पावणारे अशी. त्यामुळे हा उतारा गोऱ्या, देखण्या मुलीलाही तितकाच लागू आहे, किंबहुना थोडा अधिकच, कारण तिला रूपावर विसंबण्याचा मोह जास्त असतो. तुमच्या थोरल्या मुलीलाही आंतरिक सौंदर्याची तितकीच गरज आहे. धाकटीला धर्मशिक्षणाच्या बाईंकडे पाठवताना थोरलीला पाठवावे असे कोणाला सुचले नाही, यातच आपली चूक दिसते. देवाच्या दृष्टीने 'मोलवान' असा जो ग्रीक शब्द पेत्र तिथे वापरतो, तोच मार्काच्या चौदाव्या अध्यायात, बेथानीत एका स्त्रीने येशूच्या मस्तकावर ओतलेल्या महागड्या जटामांसीच्या तेलासाठी आला आहे. ते सुगंधी तेल येशूने वाया गेले असे मानले नाही. उलट कुरकुर करणाऱ्यांना त्याने गप्प केले.

म्हणून मुलीने नटू नये, असे ख्रिस्ती शिकवण सांगते, हा समज मी मोडून काढते. आपल्या किनाऱ्यावर अबोलीचा वळेसार (गजरा) केसांत माळल्याशिवाय फेस्त होत नाही, आणि वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या दिवसांत देवळात, चर्चमध्ये आणि बाजारात तोच वास असतो. ते सर्व देवाने दिलेले आहे, आणि रानातली फुले कशी नटतात ते पाहा, असे येशूने स्वतः सांगितले आहे. आनंदाने नटणे आणि स्वतःला लपवण्यासाठी रंगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक ओळखण्याची माझी साधी खूण अशी आहे की नटून झाल्यावर मुलगी लोकांत जाते की लोकांपासून लांब राहते, ते पाहावे. तुमची मुलगी फिल्टर लावते आणि गायला नकार देते. ही लपण्याची खूण आहे.

याच उताऱ्यातल्या 'सौम्य' या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितली नाही तर माझ्या कामाशी ती प्रतारणा होईल. या शब्दाच्या आधाराने मुलींना गप्प बसवले जाते. नात्यातला पुरुष अंगचटीला आला, रिक्षात कोणी त्रास दिला, घरी भाऊ हात उगारतो, आणि मुलगी बोलू लागली की तिला सौम्य व शांत राहण्याची आठवण करून दिली जाते. पेत्राने वापरलेला सौम्यतेचा ग्रीक शब्द येशूने मत्तयाच्या अकराव्या अध्यायात स्वतःसाठी वापरला आहे, आणि तो येशू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथे करणारा आणि मुख्य याजकाच्या घरी थोबाडीत मारणाऱ्याला "मला का मारतोस?" असे विचारणारा होता. सौम्यता हा मुलींचा खास गुण नाही, आणि अन्याय गिळणे म्हणजे सौम्यता नाही. तसेच शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे करिंथकरांना लिहिलेले वाक्य मुलींच्या कपड्यांची लांबी मोजण्यासाठी वापरले जाते. पण तो उतारा वेश्यागमन करणाऱ्यांना उद्देशून आहे. आणि डोंगरावरच्या प्रवचनात, स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याला येशू त्याचा स्वतःचा डोळा उपटायला सांगतो, समोरच्या स्त्रीला पदर सावरायला सांगत नाही. इथेही शिस्त पाहणाऱ्याच्या नजरेला आहे.

दोन बहिणींच्या तुलनेविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात ती तुलना तीन वेळा आली आहे. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात लेआ आणि राहेल या बहिणींची ओळखच तुलनेने होते: राहेल सुडौल आणि देखणी, लेआचे डोळे मात्र निस्तेज. लेआ पहिल्या मुलाचे नाव रऊबेन ठेवते, कारण परमेश्वराने माझे दुःख पाहिले, असे तिला म्हणायचे आहे. पुढची दोन नावेही नवऱ्याला आपण नावडत्या आहोत या दुःखातून आणि त्याने आपल्याला जवळ करावे या आशेतून आलेली आहेत. चौथ्या मुलाच्या वेळी ती फक्त परमेश्वराची स्तुती करते आणि त्याला यहूदा म्हणते, ज्याच्या वंशात पुढे दावीद आणि येशू जन्मले. या गोष्टीचा शेवट गोड आहे, म्हणून लेआला जे सोसावे लागले ते योग्य ठरत नाही. तुलनेने दोन्ही बहिणींचे आयुष्य कडू झाले, राहेलचेही, हे त्या अध्यायांत स्पष्ट लिहिले आहे.

आपली नजर जन्मजात नसते, ती शिकवली जाते. फिजी बेटांवर भरलेले, बळकट शरीर चांगले मानण्याची जुनी रीत होती. तिथल्या एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली, आणि अ‍ॅन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ संशोधिकेने १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेलेले आढळले. तीन वर्षांत एका किनाऱ्याची नजर इतकी बदलली. आपल्याकडे तर ही शिकवणी कितीतरी जुनी आहे. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये काढला गेला, पण स्थळाच्या टिपणातले 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' हे शब्द अजून जागच्या जागी आहेत, आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या टिपणांतही आहेत. आताच्या मुलीच्या हातात दिवसभर फोन असतो. फोन काढून घेण्याने मी पाहिलेल्या घरांत फारसे साधले नाही. त्यापेक्षा मुलीबरोबर बसून फिल्टर असलेला आणि नसलेला असे तिचेच दोन फोटो शेजारी ठेवावेत, आणि फिल्टरने नाक, जबडा, रंग यांत काय काय बदलले ते तिला मोजायला सांगावे. राग न येता, कुतूहलाने मोजू द्यावे.

या वयात शरीरातले काही बदल रूपाचे म्हणून हिणवले जातात, पण ते आरोग्याचे असतात. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसली तर आया ती काथ्याने घासतात. ती घाण नसते. इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती पुष्कळदा खूण असते, आणि पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. चेहरा निस्तेज दिसतो, जिना चढताना धाप लागते, असे असेल तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा मुलीला पावडरीची किंवा उपदेशाची नव्हे, लोहाच्या गोळ्यांची आणि पुरेशा जेवणाची गरज असते.

व्रण असलेल्या मुलींबद्दल थोडे लिहिते, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत त्यांच्याही आया असतील. रुग्णालयात असताना चुलीवर भाजलेली एक मुलगी कित्येक महिने माझ्या देखरेखीखाली होती. तिचा गळा आणि एक गाल आखडला होता. तिला कोणीतरी सांगितले होते की स्वर्गात तुला नवे, डाग नसलेले शरीर मिळेल. तिने मला विचारले की तोपर्यंत काय. मी तिला योहानाच्या विसाव्या अध्यायाची गोष्ट सांगितली. येशू मेलेल्यांतून उठला, त्याचे शरीर गौरवी झाले, बंद दारांतून तो आत आला, आणि तरीही त्याच्या हातांवर आणि कुशीवर खुणा होत्या. थोमाला त्याने त्या दाखवल्या, लपवल्या नाहीत. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ज्या सेवकाला रूप नव्हते, शोभा नव्हती, ज्याला पाहून लोक तोंड फिरवत, तो आपण येशू मानतो. असा प्रभू असलेल्या मंडळीत चेहऱ्यावरून माणूस मागच्या रांगेत जावा, हे मला कधीच सहन झालेले नाही. कातेरी तेकाक्विथा ही उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक लोकांमधली मुलगी १६५६ मध्ये जन्मली, लहानपणी देवीच्या रोगाने तिचा चेहरा व्रणांनी भरला आणि दृष्टी अधू झाली, १६८० मध्ये ती वारली, आणि २०१२ मध्ये तिला संत घोषित करण्यात आले. मृत्यूनंतर तिचे व्रण नाहीसे झाले, असे सांगितले जाते. मुलींना ही कथा सांगताना मी त्या शेवटापाशी थांबत नाही, कारण ती संत झाली ती व्रण असतानाच. आणि लिमाची संत रोझ हिने आपले रूप बिघडवण्यासाठी चेहऱ्याला मिरपूड चोळली, ही कथा तर मी मुलींना अनुकरणासाठी कधीच सांगत नाही. स्वतःच्या शरीराला इजा करणे हा नम्रतेचा मार्ग म्हणून कोणत्याही मुलीसमोर ठेवू नये.

तुमची मुलगी जेवण टाळू लागली, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा आपण नसलो तर बरे, असे काही बोलली, तर प्रार्थना चालू ठेवूनच त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आता तुमच्या घराविषयी. मुलीला काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे, आणि माझे उत्तर असे आहे की आधी तिची क्षमा मागावी. त्या मांडवात तुम्ही गप्प राहिलात, असे तुम्हीच लिहिले आहे. मोठ्यांपुढे बोलायचे कसे, हा संकोच मी समजू शकते, पण मुलीच्या आठवणीत त्या बाईच्या शब्दाइतकेच तुमचे मौन आहे. "मी तेव्हा बोलायला हवे होते, बाय. माझी चूक झाली." एवढेच म्हणा, त्याला वचन जोडू नका. मग त्या नातलग बाईंना भेटून किंवा फोन करून, आदर ठेवून, स्पष्टपणे सांगा की यापुढे माझ्या मुलींच्या रंगाबद्दल कोणी बोललेले मला चालणार नाही. मुलगी तेव्हा घरात असेल आणि तिच्या कानांवर हे बोलणे पडेल, असे पाहा. माझ्या अनुभवात याहून मोठे औषध नाही.

मरियामातेच्या फेस्ताची नोव्हेना ३० ऑगस्टला सुरू होईल. त्या नऊ दिवसांत तुमच्या घरात कोणीही कोणाच्याही रंगावर, बांध्यावर, केसांवर, दातांवर एक शब्दही बोलायचा नाही, असे सर्वांनी मिळून ठरवा, आणि यात स्तुतीही आली, थोरलीची स्तुतीसुद्धा. वडिलांना आणि आजीला हे अवघड जाईल. चुकले तर हसून पुन्हा सुरू करा. त्याच दिवसांत धाकटीच्या हातून झालेल्या एखाद्या कामाचे, तिने नेमके काय केले ते सांगून, कौतुक करा. "गुणाची गो" असे मोघम म्हणण्यापेक्षा "आजीची गोळी तू आठवणीने दिलीस" हे तिला खरे वाटेल. गायनवृंदाच्या प्रमुखांना एकदा भेटून तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवायला सांगा, आणि ती परत येईल तेव्हा "इतके दिवस कुठे होतीस?" असे कोणी विचारू नये, हेही सांगून ठेवा. एवढे करूनही ८ तारखेला सकाळी तिला वेदीजवळ उभे राहावेसे वाटले नाही, तर ओढून नेऊ नका. तिच्या आवडीच्या रंगाचा पोशाख तिला घालू द्या, हवा असेल तर वळेसार माळा, आणि तिला तुमच्या शेजारी बाकावर बसू द्या. गाणे सुरू झाले की तुम्ही गा, सूर चुकला तरी चालेल. ती तुमच्या बाजूला आहे, आणि तिला चाल येते.